कोवळ्या हाडांचे विजेते

आई,

आज जेवणाच्या सुट्टीत आमच्या कॅन्टीनमध्ये वाद रंगला होता. पुरुषांच्या टेनिसमध्ये विशीच्या आत सगळ्यांत मोठा कोण झाला, यावर. मानेसरच्या या कारखान्यात मी आता क्वालिटीचं काम बघतो आणि टेबलावरची बाकीची मंडळी माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत. त्यांना प्रश्न सोपा वाटतो. एकोणिसाव्या वर्षी जगात पहिला आलेला तो हल्लीचा हसरा स्पॅनिश मुलगा, बस. एकीने त्याच्याच देशाच्या डावखुऱ्याची बाजू घेतली. मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "सर, आप तो खेलते थे ना? आप बताओ." मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं, "मैं तो सोलह में ही रुक गया. मम्मी ने रोक दिया, नहीं तो..." ते हसले, मीही हसलो आणि डब्यातली भेंडी संपवली. हे वाक्य मी तीस वर्षं म्हणत आलोय. पूर्वी ते म्हणताना छातीत काहीतरी हलायचं. आज काहीच हललं नाही. म्हणून लिहायला बसलो, दुसरं काही कारण नाही.

तुझं उत्तर वेगळं असतं. तू मिरजेहून नर्सिंग शिकून दिल्लीत आलीस आणि रिजच्या टेकडीवरच्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात तुझी सगळी नोकरी गेली. टेनिसचे नियम तुला माझ्यामुळे कळले, पण माणसाचं शरीर तुला आधीच कळत होतं. रविवारी चर्चहून आल्यावर तू पांढरा रस्सा आणि भात करायचीस, आणि संध्याकाळी लंडनच्या गवतावरची फायनल लागली की आपण दोघं मयूर विहारच्या त्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसायचो. सतरा वर्षांचा तो जर्मन मुलगा चेंडूमागे अंग झोकून द्यायचा आणि मी टाळ्या पिटायचो. तू मटार सोलता सोलता म्हणायचीस, "उडी छान आहे रे. पडतोय कशावर ते बघ." मग पॅरिसच्या लाल मातीवर एक सतरा वर्षांचा अमेरिकन आला. पायात गोळे आले म्हणून ऐन मॅचमध्ये त्याने खालून सर्व्हिस केली आणि जगातल्या पहिल्या नंबरच्या खेळाडूला हरवलं. त्याची गोष्ट मी पेपरमधून तुला वाचून दाखवली. मला वाटलं होतं तू त्याचं धाडस वाखाणशील. तू म्हणालीस, "पाणी कमी प्यायला असणार." आणि त्यांच्याही आधीचा, डोक्याला पट्टी बांधणारा तो थंड डोक्याचा स्वीडिश. तो तुझा सगळ्यांत लाडका. अठराव्या वर्षी जिंकला आणि पंचविशी उलटते न उलटते तोच सोडून गेला. मला ते हरल्यासारखं वाटायचं. "धडधाकट गेला ना घरी?" एवढंच तू विचारायचीस.

मी तेव्हा सोळाचा. आरशासमोर सर्व्हिसचा हात फिरवताना मनात एकच हिशेब असायचा, जर्मन मुलाच्या वयाला यायला माझ्याकडे अजून एक वर्ष आहे. तो हिवाळा आठवतो. सकाळी तू ड्यूटीला निघाली आहेस, पायात मोजे चढवते आहेस, आणि मी गादीवरून उठतो. तू एकदम थांबतेस.

"परत झोप."

"का?"

"झोप आणि परत ऊठ."

मी उठलो. कुशीवर वळून, हाताने रेटा देऊन.

"माझे पेशंट असे उठतात," तू म्हणालीस. "किती दिवस दुखतंय?"

दोन महिने दुखत होतं. तुझ्याच वॉर्डातल्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून मणक्यातला बारीक तडा दाखवला आणि सहा महिने रॅकेटला हात लावायचा नाही असं बजावलं. मी मान हलवली. पंधरा दिवसांनी ज्युनियर स्पर्धा होती. ट्यूशनला जातो असं सांगून, दोन गोळ्या खाऊन, मी बस पकडली.

तुला कुणी सांगितलं ते मला कधी कळलं नाही. दुसरा सेट चालू होता. जाळीच्या दारातून तू सरळ कोर्टवर आलीस. पांढरा युनिफॉर्म, वर तपकिरी स्वेटर, पायात ड्यूटीचे बूट. अंपायर "मॅडम, मॅडम" करत खुर्चीवरून उतरला. तू त्याच्याकडे पाहिलंही नाहीस. माझ्या हातातून रॅकेट घेतलीस. "चल घरी." मी म्हटलं, "आई, मॅच चालू आहे." तू म्हणालीस, "सतराव्या वर्षी जिंकलेले तू टीव्हीवर बघतोस. सतराव्या वर्षी मोडलेले माझ्याकडे येतात. त्यांना कुणी बघत नाही. चल." समोरचा मुलगा पाणी पीत उभा होता. कोचसर पाठमोरे झाले. बसमध्ये तू रॅकेट मांडीवर आडवी धरून बसली होतीस आणि मी यमुनेचा पूल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो.

त्यानंतर तीन महिने मी तुझ्याशी बोललो नाही. तू ताट वाढायचीस, मी जेवायचो. पाठ बरी झाली, अगदी पूर्ण बरी झाली. पण कोर्टवर मी परत गेलो नाही. माझ्या अठराव्या वाढदिवसाला तू नवी रॅकेट आणलीस, मोठ्या तोंडाची, हलकी. म्हणालीस, "आता हौसेनं खेळ." मी ती उघडलीसुद्धा नाही. कॉलेजमधल्या एका मित्राला देऊन टाकली आणि तुला सांगितलं की हरवली. तू "अच्छा" म्हणालीस.

तुझ्या शेवटच्या उन्हाळ्यात तो डावखुरा पॅरिसला पहिल्यांदा खेळत होता, एकोणीस वर्षांचा. उशांना टेकून तू फायनल पूर्ण पाहिलीस. तो जिंकून मातीत आडवा झाला तेव्हा म्हणालीस, "हा दुखणं लपवेल. याच्या आईनं लक्ष ठेवायला हवं." मी मोबाइलमध्ये बघत होतो. पुढे तो पायाच्या दुखण्यासकट किती वर्षं खेळत राहिला, हे बघायला तू नव्हतीस. तुला मातीत ठेवून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो. मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. लोक म्हणाले धक्का आहे, नंतर येईल.

कॅन्टीनमधल्या मुलांना मी उत्तर दिलं नाही, तुला देतो. जर्मन सगळ्यांत धीट, डावखुरा सगळ्यांत चिवट, हा नवा हसरा सगळ्यांत हुशार. पण विशीच्या आत सगळ्यांत मोठा मी स्वीडिशलाच म्हणेन. तुझ्या कारणासाठी नाही. एवढ्या लहान वयात जिंकूनही हरण्याची भीती त्याच्या चेहऱ्यावर कधी दिसली नाही, म्हणून.

माझ्या चेहऱ्यावर ती होती. त्या दिवशी पहिला सेट मी गमावला होता आणि दुसऱ्यात एक-पाचने मागे होतो. पाठीमुळे नाही. गोळ्यांनी पाठ गप्प होती. समोरचा मुलगा माझ्यापेक्षा चांगला होता, एवढंच, आणि ते मला पहिल्या पंधरा मिनिटांत कळलं होतं. तू पाटीवरचा स्कोअर पाहिला होतास का, हे मी कधी विचारलं नाही. मामाच्या घरी जेवताना सगळ्यांसमोर मी म्हणालो होतो, "आईने थांबवलं नसतं तर मी कुठल्या कुठे असतो." तू ऐकलंस आणि वाढत राहिलीस. एका शब्दाने मला खोटं पाडता आलं असतं.

हे कुठे पाठवायचं नाही, तेव्हा लिहून टाकतो. जाळीच्या दारात तुझा पांढरा युनिफॉर्म दिसला, तेव्हा मला राग आला नव्हता. मला वाटलं होतं, बरं झालं, आली.