पंधरा पावलांवर

पोयाना, १२ मे २००३

ती. इलिंकाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या धाकट्या भावाचं नशीब उघडलं बरं का! वनरक्षकाची नोकरी गेली तेव्हा तू म्हणाली होतीस, आता हा मेंढ्यासुद्धा राखणार नाही. मग ऐक. जंगलाच्या कडेला मी लाकडी लपण बांधलंय. आत बारा खुर्च्या, समोर काच. संध्याकाळी परदेशी पाहुणे श्वास रोखून बसतात. बाहेर मका टाकला की अस्वलं येतात. एक जर्मन आजीबाई तर रडल्याच. म्हणाल्या, आमच्याकडची कधीच संपली. ज्यांना दगड मारत आपण वाढलो, त्यांना बघायला माणसं विमानानं येतात!

तुझी भावजय साफ्ता पाहुण्यांना आलुबुखाऱ्याची दारू पाजते आणि तुझी आठवण काढते.

तुझा,
तोआदेर

ब्राशोव, २१ मे

चि. तोआदेर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसले. पण एक विचारते, रागावू नकोस. अस्वलं मक्यासाठी येतात. मका संपला की कुठे जातील? आमच्या गल्लीत कचऱ्याच्या डब्यांपाशी एक मादी येते. पूर्वी हाकललं की पळायची. यंदा हाकलणाऱ्याकडे वळून नुसती बघते. दाणे हळूहळू बंद कर, बाबा. साफ्ताला जप.

तुझी काळजी करणारी,
इलिंका

पोयाना, ९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

शहरात राहून ताई भित्री झाली, असं मी साफ्ताला म्हटलं. ती हसली नाही.

पाहुण्यांना जवळून फोटो हवे असतात, म्हणून मका काचेपासून पंधरा पावलांवर आणलाय. परवा फाटक्या कानाची मादी थेट काचेला नाक लावून उभी राहिली. पाहुणे खूश. मला मात्र वाटलं, आत आम्ही आहोत आणि बघायला ती आलीय.

शेजारच्या पाराशिवा मावशीच्या कुंपणाशी पावलं उमटली होती. कुत्र्याची असतील, असं मी तिला सांगून टाकलं. ताई, वीस वर्षं मी जंगल राखलंय. ती कुत्र्याची नव्हती.

हे पत्र वाचून फाडून टाक.

तोआदेर

पोयाना, २४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहितो. पाराशिवा मावशी गेली. मंगळवारी सकाळी अंगणात कोंबड्यांना मका घालत होती, तेव्हा ती फाटक्या कानाची मादी कुंपण ओलांडून आली. मी कुऱ्हाड घेऊन धावलो. उशीर झाला होता.

वनखात्याच्या माणसांनी विचारलं, आधी काही खूण दिसली होती का. साफ्ता माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं. मादीला त्यांनी दुपारी गोळी घातली. मावशीच्या लेकानं मला शवपेटीला हात लावू दिला नाही. बरोबरच केलं.

लपण बंद केलंय. मकाही. तरी संध्याकाळी अस्वलं येतात, मोकळ्या जमिनीवर बसून राहतात. काल सात होती. उजेड होता तोवर थांबली, मग उठून गावाच्या वाटेला लागली.

साफ्ताला उद्याच्या गाडीनं तुझ्याकडे पाठवतोय. मी थांबतो. घरोघरी जाऊन दारं लावून घ्या म्हणून सांगायला हवं, आणि ते दुसऱ्या कुणी सांगायचं नाही. काही घरं मला बघूनच दार लावतात.

तिच्यावर माया असू दे. उरली तर थोडी माझ्यावरही.

तोआदेर