माळावरचं गुग्गुळाचं झुडूप

अहो,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. त्याआधी तुम्हाला एक सांगायचं आहे. मुलांना सांगितलं नाही, त्यांना त्यात काय वाटणार? माळावरचं गुग्गुळाचं झुडूप गेलं. मी मारलं.

पंचवटीतल्या पूजासाहित्याच्या दुकानात तुम्ही जन्मभर गुग्गुळ तोललात. शेवटी शेवटी म्हणायचात, "येतो त्यात निम्मी राळच असते. झाडंच राहिली नाहीत." मग सिन्नरच्या बाजूला खडकाळ उतारावर ते एक झुडूप तुम्हाला सापडलं. डोक्याइतकं उंच, काटेरी, कागदासारखी साल सुटलेलं. मला दाखवायला नेलंत तेव्हा मी म्हटलं, "एवढ्यासाठी दोन बस बदलून आणलंत?" तुम्ही हसलात, पण परत येताना बजावलंत की जागा कुणाला सांगायची नाही. आजूबाजूची झुडपं लोकांनी गुग्गुळाच्या डिंकासाठी बुंध्याला खाचा पाडून संपवली होती. खालून मुरमासाठी टेकडी पोखरत आणली होती. शेळ्या चारणाऱ्या हिराबाईलाही तुम्ही विनवून ठेवलंत, हे एवढं राखा म्हणून.

तुमच्या दहाव्याला गुरुजींनी धूप घातला, तर नुसता धूर. "बाजारात हाच मिळतो, वहिनी," ते म्हणाले. जन्मभर गुग्गुळ विकलेल्या माणसाला असला धूप? तेव्हाच मनात घेतलं, वर्षश्राद्धाला अस्सल आणायचा.

थंडी सरताना कोयता घेऊन गेले. एक खाच पाडली. डिंक दिसेना, म्हणून आणखी खोल पाडली. मग बुंध्याच्या चहूबाजूंनी. खरं सांगू? त्या दिवशी मला तुमचा रागही आला होता. झुडपाला इतकं जपलंत, आणि स्वतःच्या छातीतल्या दुखण्याला "गॅस झालाय" म्हणत राहिलात.

पंधरा दिवसांनी डिंक खरवडून डबीत आणला. मूठभरही नव्हता. उन्हाळ्यात त्याला पानं नसतातच, म्हणून काही कळलं नाही. पावसाळ्यात सगळा माळ हिरवा झाला, ते तसंच राहिलं. वाचनालयातून वनस्पतींचं पुस्तक आणलं तेव्हा समजलं, खोल खाच पडली की हे झुडूप वाळतं. इतकी पुस्तकं वाचली मी, हेच आधी का नाही वाचलं?

माळावर जाऊन हिराबाईला सगळं सांगितलं.

"सात वर्सं शेळ्या आवरल्या मी, बाई. मालकांच्या शब्दाखातर. अन् तुम्हीच कोयता चालवला?"

"चुकलं."

"चुकलं म्हनून आता पानं फुटनार हायेत का?"

मग तीच खाली बसली आणि एकेका फांदीची साल नखानं खरवडून बघत गेली. एक फांदी आतून ओली निघाली. तिचे तीन तुकडे घरी आणून कुंडीत लावले. दोन वाळले. तिसऱ्याला पालवी आहे.

उद्या गुरुजींना सांगणार आहे, गुग्गुळ नको. डबीतला तो डिंक जाळणं माझ्याच्यानं होणार नाही. तुम्ही रागावाल? रागावा. मी दमले आहे, भांडणार नाही.

पुढच्या पावसाळ्यात ते रोप माळावर नेईन, खाणीपासून लांब, वरच्या अंगाला. वचन एवढंच देते, हिराबाई बरोबर असल्याशिवाय मी त्याच्याजवळ जाणार नाही. माझा मला भरवसा राहिलेला नाही.

तुमची,
सुमन