चौकड्यांच्या कोटातली बाई

पुणे, ४ फेब्रुवारी १९५८

चि. श्यामकांत यास लतिकाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे फोटो पोचले. किल्ला नाही, नदी नाही, तू स्वतः तर एकाही फोटोत नाहीस. ट्रामची वाट बघणारी माणसं, पाववाल्याकडची रांग, बाकावर डुलक्या काढणारे आजोबा! यासाठी का कुणी फिल्म खर्च करतं? 'हे' म्हणाले, आपल्याला कलेतलं कळत नाही. नसेल कळत, पण मोजता येतं. चाळीस फोटोंपैकी सहांत तीच चौकड्यांच्या कोटातली बाई आहे. एकदा योगायोग म्हणेन, सहादा नाही.

पाडव्याला शुभाच्या वडिलांना होकार कळवायचा आहे. पोरगी गुणी आहे, तिला फसवण्याचं पाप मी माथी घेणार नाही. पाणी कुठे मुरतंय ते खरं लिही.

उत्तराची वाट पाहणारी,
ताई

हायडेलबर्ग, १५ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस श्यामकांतचा सा. न. वि. वि.

तुझ्यासारखाच संशय त्या बाईलाही आला! इथे न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. दाढी करून घेणारी, दुकानाच्या काचेत डोकावणारी, आपल्याच नादातली माणसं. ते बघून मी जुना कॅमेरा घेतला. समोरच्याला न कळता फोटो काढायचा, एवढंच तंत्र. ती बाई रोज सकाळी माझ्याच थांब्यावर असते. तिचं नावही मला ठाऊक नाही.

गेल्या सोमवारी तिने पोलिसाला बोलावलं. मी पाळत ठेवतो, कुणाचा तरी हेर असेन, असं तिला वाटलं. पोलिसाने नाव-गाव विचारलं, मी प्रयोगशाळेचं ओळखपत्र दाखवून माफी मागितली. ती 'जा, जा' करत ट्राममध्ये चढली. हसू नकोस, पण प्रयोगशाळेबाहेर माझं नाव विचारणारा या गावातला तो पहिलाच माणूस.

विश्वास ठेवायचा की नाही, तूच ठरव. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
श्याम

पुणे, २८ फेब्रुवारी

चि. श्यामकांत यास आशीर्वाद. वि. वि.

खरं सांगते, पत्र वाचूनही माझा संशय गेला नाही. फोटोंचं पाकीट घेऊन शुभाकडेच गेले आणि त्या कोटावर बोट ठेवलं. तिने बाईकडे धड पाहिलंसुद्धा नाही. सगळे फोटो दोनदा बघून एवढंच विचारलं, की चाळिसांत एकही माणूस यांच्याकडे बघत कसा नाही, तिथे यांच्याशी कुणी बोलतं की नाही. असे फोटो नकळतच काढतात, असं मी म्हणाले खरी, पण मला रडूच फुटलं रे. मी तुझी सख्खी बहीण, आणि कोट मोजत बसले!

पाडव्याची वाट न बघता होकार कळवला. सोबत शुभाचा फोटो आहे, काल मुद्दाम काढून घेतला. फोटोवाला मान तिरकी करा म्हणत होता. तिने ऐकलं नाही, सरळ तुझ्याकडे बघते आहे.

ताईवर रुसू नकोस, माया असू दे.

तुझी,
ताई