ही गायली की बेसूर होणारी गिटार

३ मार्च, सोमवार
हिने हॉस्पिटलातली नर्सची नोकरी सोडली. पंधरा तारखेला निरोप समारंभ. त्यात ही गाणार आणि मी इलेक्ट्रिक गिटारवर साथ करणार. हिनेच विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी जरा विचार केल्यासारखं दाखवलं आणि हो म्हणालो. संकल्प: रोज तालीम.

४ मार्च
ही गायला लागली आणि गिटार बेसूर. मोकळ्या तारा चोख. बोट ठेवलं की सूर चढा. ही थांबली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पहिल्यापासून गायली. काही बोलली असती तर बरं झालं असतं.
तारा जुन्या झाल्यात.

५ मार्च, संध्याकाळ
नव्या तारा आणल्या. दुकानदार म्हणाला, सर, सेटिंग करून देऊ का? जो माणूस सगळं आपलं आपण शिकला, त्याला असं विचारू नये.
तालीम. सूर चढाच. नव्या तारा रुळायला वेळ घेतात, असं हिला सांगितलं.

७ मार्च
आज इन्टोनेशन, म्हणजे दाबलेल्या सुरांची जुळणी. प्रत्येक तारेखाली एक छोटी घोडी असते, ती स्क्रूने मागेपुढे करतात. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या पट्टीशी, दाबलेला सूर चढा आला, तर घोडी मागे. सहाही तपासल्या. सगळ्या बरोबर. तरी दोन केसभर मागे घेऊन परत पुढे आणल्या. नुसतं बघून ठेवून देणं बरं दिसत नाही.
ही बाहेर गेली होती. तासभर एकटाच वाजवलं. एक सूर हलला नाही. काय हात आहे!
ही आली. तालीम. बेसूर.

८ मार्च
शास्त्रीय पद्धतीने विचार केला. मी एकटा: सुरात. ही गायला लागली: बेसूर. बदललं काय? फक्त ही.
जेवताना हळूच सुचवलं, तुझा सूर किंचित उतरतो, म्हणून गिटार चढी भासते. लेक म्हणाली, बाबा, काय बोलतोयस कळतंय का? हिने शांतपणे विचारलं, खरंच उतरतो? म्हणालो, किंचित.
भांडी आवरताना ही रोज गुणगुणते. आज नाही.

१० मार्च
तालीम नाही. हिचं डोकं दुखतंय.
संकल्प: हिला धीर देणे.

१२ मार्च
हिला कसंबसं तालमीला बसवलं. पुरावा हवा म्हणून चिमट्याचा ट्यूनर गिटारला लावला. ही गायली, मी साथ धरली, आणि पहिल्या ओळीपासून काटा उजवीकडे, म्हणजे सूर चढा.
हा ट्यूनर गिटारची थरथर मोजतो. हिचा आवाज त्याला ऐकूच येत नाही. हे मीच लोकांना सांगत असतो.
लेक म्हणाली, बाबा, तार दाबतोयस की कुणाचा गळा? हात बघ. बघितला. नखं पांढरीफटक. ही गायला लागली की मला भीती वाटते, आपण चुकू. मग मी तार आवळतो, आणि आवळली की ती चढते. बस्स, एवढंच.
ही माझ्याकडे बघत होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. म्हणालो, ट्यूनरची बॅटरी गेलेली दिसते.
ही म्हणाली, राहू दे, मी गाणार नाही.

१४ मार्च
आज सांगणारच होतो. ही उद्याच्या कपड्यांना इस्त्री करत होती. जवळ गेलो. इस्त्री फार गरम करू नकोस, एवढंच तोंडातून निघालं.

१५ मार्च, शनिवार
समारंभ पार पडला. गिटार घरीच.
हिचं भाषण झाल्यावर मेट्रनबाई म्हणाल्या, अहो सिस्टर, गाणं राहिलं की! सगळ्यांनी टाळ्यांचा गजर केला. आता ही सांगणार, आमचे हे म्हणतात माझा सूर उतरतो.
ही माईकवर हसली. म्हणाली, ऐन वेळी ह्यांची गिटार बिघडली हो, आणि ह्यांच्या साथीशिवाय मी नाही गायची.
सगळा हॉल माझ्याकडे वळून चुकचुकला. शेजारच्या डॉक्टरांनी आपुलकीने विचारलं, काय झालं गिटारला?
म्हणालो, एक पार्ट मिळत नाहीये.