मंडपात उरलेला नवरदेव

रविवार, १२ फेब्रुवारी १९९५
भाईंदर पश्चिम

आज संध्याकाळी शेजारच्या भावनाबेनकडे भाड्याच्या व्हीसीआरवर पिक्चर पाहिला. नेहमीचाच. हिरो-हिरॉइन आधी भांडतात, मग प्रेमात पडतात, आणि तिचं लग्न दुसऱ्याशी लागत असताना हिरो धावत मंडपात येतो. तो दुसरा म्हणजे चष्मेवाला, बँकेतला, बावळट. हिरॉइन दिसली की त्याचा एकच प्रश्न, "कुछ खाया?" दर वेळी आम्ही बायका हसून लोळायचो. सगळ्यात मोठ्याने मीच.

हिरो धावायला लागला आणि नेमकं नळाला पाणी आलं. आमच्या बिल्डिंगला जेमतेम अर्धा तास येतं, तरी कुणाचा पाय निघेना. तेवढ्यात दारात आमचे हे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर पाइप.

"तुम्ही शेवट बघा. किल्ल्या द्या, सगळ्यांचं मी भरतो."

हिरो मंडपात पोचेपर्यंत यांनी चार घरांची पिंपं भरली.

मी घरी आले तर यांची पँट अजून दुमडलेलीच, ओलीचिंब. लग्नाला सहा वर्षं झाली. माझ्यासाठी कधी कुणी धावलं नाही, हे मनाशी किती वेळा घोकलंय मी! आणि आज त्या बिचाऱ्याला मंडपात सोडून ती निघाली, तेव्हा टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"पोचला का हिरो?" यांनी विचारलं.

"पोचला."

"बरं झालं. तू काही खाल्लंस का?"

या वेळी हसू नाही आलं. देवा, माझ्या मंडपात कुणी धावत आलं नाही, फार बरं केलंस.