सुखदा येणार म्हणून डेक

हेब्बाळ, ३ नोव्हेंबर २०२४

ती. मनस्विनी अक्कास,
गुरुराजचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. सुखदा चोवीस तारखेला येतेय, नवऱ्याला, विराजला घेऊन. चार वर्षांपूर्वी तिच्या लग्नाला मी गेलो नाही, त्यानंतर लेक पहिल्यांदाच घरी येणार. मागच्या अंगणातला तिचा लाडका लाकडी डेक, तो फळ्यांचा बसायचा ओटा, काळा पडला होता. गेल्या आठवड्यात एका दुपारी मी स्वतः त्यावर वुड स्टेनचा रंग मारला. आता जागोजाग पापुद्रे सुटताहेत. दुकानदाराने फसवलं असणार. तू आणि भावोजींनी तीस वर्षं फर्निचर पॉलिशचं दुकान चालवलंत. स्वल्प काही सुचव.

आशीर्वाद असू देत.
गुरुराज

राजाजीनगर, ७ नोव्हेंबर

चि. गुरुराज यास अ. उ. आ.

दुकानदाराने काय केलं रे? न धुता, न घासता, पावसाने भिजलेल्या फळ्यांवरच्या शेवाळावर रंग फासलास तू. बँकेत मॅनेजर होतास, आणि डब्यावरच्या चार ओळी वाचता आल्या नाहीत.

सरी, झालं ते झालं, आता ऐक. सुटलेला रंग खरवड. साबणाच्या पाण्याने ब्रश मारून धू. तीन दिवस कडक ऊन लागू दे. मग पॉलिश पेपर घे आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घास. धूळ पुसून पाण्याचे थेंब टाक. लाकडात मुरले तर डबा उघड. वरच राहिले तर पुन्हा घास.

आणि डेक कसला सजवतोस? जावई आपल्यातला नाही म्हणून त्या दिवशी तू घरी पेपर वाचत बसलास. अक्षता पडेपर्यंत पोर दाराकडे बघत होती. मी शेजारी उभी होते, म्हणून ठाऊक. तिला रंगीत फळ्या दाखवून भागेल असं वाटत असेल, तर तुझी कमाल आहे.

माया आहे म्हणूनच एवढी शाई खर्चते.
तुझी अक्का

हेब्बाळ, २५ नोव्हेंबर

ती. अक्कास सा. न.

डेक अजून रंगवलेला नाही. तुझं हसून होऊ दे, मग पुढे वाच.

तुझं पत्र वाचून दोन दिवस रागाने कशालाच हात लावला नाही. मग धुतलं, वाळवलं, पण गुडघ्यांमुळे रोज दोनच फळ्या घासून व्हायच्या. काल दोघं आले तेव्हा मी जुन्या लुंगीवर, अंगभर भुसा. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरलो. त्या दिवशी मी हट्टाने आलो नाही, ते वाईट केलं, एवढंच दोघांना म्हणालो. सुखदाने ऐकून घेतलं. चहा घेतला, आणि मुक्कामाला मारतहळ्ळीला नणंदेकडे निघून गेली.

आज सकाळी विराज एकटाच आला, जुने कपडे घालून. तिने पाठवलं का विचारलं, तर नाही म्हणाला. ती उद्या येते म्हणाली आहे, तिला बसायला जागा नको का, असं म्हणून त्याने माझ्या हातातला पॉलिश पेपर घेतला.

अर्धा डेक घासून झाला. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. तसं मी त्याला सांगितलंही.

तुझी बोलणी अशीच मिळत राहोत.
गुरुराज