शनिवारचं शटर

पेण
ता. ३ ऑक्टोबर

ती. सिपोरा आत्यास,
सायमनचा सा. न. वि. वि. आणि शालोम.

नव्याच्या सणाला, आपल्या वर्षारंभाला, रोह्याला आलो तेव्हाच बोलायचं होतं. पण तू पुरणपोळीत इतकी गुंतली होतीस की धीर झाला नाही. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं, उरलेलं तू मनाने भरतेस आणि मग आपलं भांडण होतं. म्हणून हा कागद.

दुकान चालत नाहीये आत्या. दरवर्षी गणपती गेले की मूर्तींच्या कारखान्यांतली रंगारी पोरं हातात पैसा घेऊन येतात. गेम खेळायचं मशीन, निदान नवा फुटबॉलचा गेम तरी नेतात. यंदा आली, काचेला नाक लावून उभी राहिली आणि गेली. डोलवीकडे पोलादाच्या कारखान्यात ठेकेदारांची कामं कमी झाली आहेत, एकाआड एक शिफ्ट मिळते. धरमतरच्या जेटीवरही तेच. मी मात्र दिवाळीसाठी माल भरून बसलोय.

आता मुद्द्याचं. दिवाळीपर्यंत शनिवारी दुकान उघडू का? शनिवार-रविवार हेच आमच्या धंद्याचे दिवस, त्यातला एक मी शटर ओढून घालवतो. गाळा तुझ्या नावावर, अट तुझी, म्हणून तुला विचारतो.

ताईचाही परदेशातून फोन आला होता. अश्दोदला तिच्या नवऱ्याच्या ओळखीने दुरुस्तीच्या कारखान्यात जागा आहे. मी अजून काही बोललो नाही. पण दुकान बसलं तर मला दुसरा रस्ता नाही, हे तुझ्या कानावर घालतो.

गुडघ्याला तेल लावत जा. रागावलीस तरी उत्तर पाठव.

तुझा,
सायमन

---

रोहा
ता. ७ ऑक्टोबर

चि. सायमन यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. रागावले आहे, आणि उत्तरही पाठवते आहे. दोन्ही मागण्या पुऱ्या झाल्या.

शनिवारी दुकान उघडायचं नाही. तुझ्या बापाला, माझ्या एलिजाला, मी तो गाळा दिला तेव्हा एवढी एकच गोष्ट मागितली होती. लोक आपल्याला शनवार तेली म्हणत ते काय हौसेने? गावात दुष्काळ पडला तरी आपल्या आज्याचा घाणा शब्बाथला फिरला नाही. गावकरी शुक्रवारी तेल नेत, नाहीतर रविवारची वाट बघत. त्यांनी आपल्याला सोडलं नाही.

आणि मला एक कळत नाही. लॉकडाऊनमध्ये तुला जेवायला वेळ नव्हता. लोक घरात बसले होते म्हणून गेम खपत होते, असं तूच सांगायचास. आता कामं नाहीत म्हणजे लोक घरातच बसलेत ना? मग तुझा माल का पडून राहतो? कुठे तरी तुझंच चुकत असेल. गिऱ्हाईकाशी नीट बोलत नसशील. लहानपणापासून तोंड फुगवायची सवय आहे तुला.

तुझ्या ताईला, डेबोराला सांग, मी व्हिडिओवर तिचं कपाळ बघून कंटाळले, तोंड दाखव. तिकडे युद्धाचे सायरन वाजतात तेव्हा माझा इथे घास अडकतो. एक भाचरू तिकडे आहे तेवढं पुरे.

शेजारच्या काळुरामची सोनी रोज डोकावून जाते. परवा कुंडलिका नदीची मासळी आणून देत होती. बिनखवल्याची होती, परत पाठवली, तर ती म्हणाली, आत्याबाय तुमचा देव लय चोखंदळ हाय. मी म्हटलं, व्हय, माझ्यासारखाच.

आशीर्वाद सातही दिवस असतात, धंदा सहाच दिवस करावा.

तुझी आत्या,
सिपोरा

---

पेण
ता. १३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस ते बरं केलंस, कारण माझी चूक तिथेच झाली. मीही तुझ्यासारखाच हिशेब मांडला होता, लोक घरी बसले की खेळणार. लॉकडाऊनमध्ये खूप घरांत पगार येत होता आणि जायला जागा नव्हती. सिनेमा नाही, हॉटेल नाही, गावी जाणं नाही. तो सगळा पैसा माझ्याकडे वळला. आता जायला सगळीकडे वाट मोकळी आहे आणि पगारच नाही. मी वरवरचं सारखेपण बघितलं आणि दुकान भरून टाकलं.

तुझ्या तेलाचं उदाहरण मी रात्रभर डोक्यात घोळवलं. आत्या, तेलावाचून फोडणी होत नाही. गेमवाचून कुणाची चूल अडत नाही. घर चालवणारा माणूस आधी किराणा, मग शाळा, मग गाडीचा हप्ता बघतो. गेम शेवटी. आणि शेवटचं सगळ्यात आधी कापलं जातं. शिवाय ज्याच्याकडे मशीन आहे तो जुनाच गेम पुन्हा खेळतो, मित्राशी अदलाबदल करतो, नाहीतर मोबाइलवर फुकटचा खेळतो. नवीन मशीन तर बाहेरून येतं, त्याची किंमत वाढतच चालली आहे.

निलेश तुला आठवत असेल, डोलवीकडे क्रेन चालवतो, दोन वर्षांपूर्वी तुझ्या मिक्सरची वायर जोडून दिली होती त्याने. दुकानातलं माझं पहिलं गिऱ्हाईक. नवा गेम आला की आदल्या दिवशी फोन करायचा. ठेकेदाराने त्याला घरी बसवलं. परवा तो आपलं मशीन टॉवेलात गुंडाळून विकायला आला. मी त्याला म्हटलं, आता तर खेळायला वेळच वेळ आहे, विकतोस कशाला. तो म्हणाला, भाऊ, टाइम लय हाय, पन खेलायला मन लागत नाय.

मी त्याचं मशीन घेऊ शकलो नाही. कपाटात अशी बरीच येऊन पडली आहेत. घेणारे गेले आणि विकणारे आले. त्याने टॉवेल सारखा करून मशीन पुन्हा गुंडाळलं आणि तो गेला. मला फार वाईट वाटलं.

तुझा शब्द मान्य आहे. शनिवारी दुकान बंदच होतं. मी भरपूर झोपलो, अगदी दुपारपर्यंत.

औषधं वेळेवर घे. तुझा चोखंदळ देव आणि तू, दोघंही माझ्यावर नजर ठेवा.

सायमन

---

रोहा
ता. २० ऑक्टोबर

चि. सायमन,

शनिवारी मी पेणला आले होते.

तू लहानपणापासून खोटं बोललास की झोपेची फुशारकी मारतोस. शाळा बुडवलीस तेव्हाही हेच, भरपूर झोपलो म्हणून डोकं दुखतं. पत्रात ते वाक्य वाचलं आणि मला चैन पडेना. शुक्रवारी दिवा लावला, प्रार्थना म्हटली. शनिवारी सकाळी उठून एसटीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा शनिवारचा प्रवास. पंचाहत्तरी ओलांडली म्हणून तिकीट फुकट, त्यामुळे शब्बाथला पैशाला तरी हात लागला नाही. देवापुढे एवढंच म्हणायला उरलं आहे. स्टँडवरून रिक्षा केली नाही, चालत आले. वाटेत पाणी विकत घेतलं नाही.

समोरच्या बांगड्यांच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहिले. तुझं शटर वर होतं.

आत येऊन तुझा कान धरायचा असं ठरवून आले होते. पाय उचलला नाही. आत पाच-सहा बाप्ये बसले होते, त्यात तो निलेशही होता. आळीपाळीने तुझ्या मशीनवर फुटबॉल खेळत होते. तू त्यांना चहा देत होतास. मी इतका वेळ उभी राहिले की बांगडीवाल्याने स्टूल आणून दिलं, आणि तेवढ्या वेळात एकानेही काही विकत घेतलं नाही. रस्त्यावरून कुणी जरा हळू चाललं की तू हसून मान वर करायचास. तसलं हसू एलिजाच्या तोंडावर मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते बघवलं नाही. परतीची गाडी धरली.

ऐन दिवाळीचं हे लिहायला नको होतं. पण खरं काय ते सांग. दुकानाचं नको, तुझं सांग.

सिपोरा

---

पेण
ता. २४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी तुला पाहिलं होतं.

चहाचे कप गोळा करताना काचेतून तुझी निळी साडी दिसली. आधी वाटलं भास आहे, कारण शनिवारी तू दाराबाहेर सिनेगॉगपलीकडे पाऊल टाकत नाहीस. मग तू स्टुलावर बसून गुडघा चोळलास आणि खात्री पटली. मी काउंटरखाली वाकून वायरी शोधण्याचं नाटक केलं. वर बघितलं तेव्हा तू नव्हतीस. मी धावत स्टँडपर्यंत यायला हवं होतं. आलो नाही. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली की तू रडत असशील.

दोन शनिवार उघडलं. दोन्ही शनिवारी काही खपलं नाही. बाप्ये येऊन बसतात, कारण घरी बसून बायकोकडे बघवत नाही. त्यांना हाकलायचं कसं? दिवाळीही तशीच गेली.

खरं सांगतो. मला शनिवारवर खापर फोडायचं होतं. आत्याच्या अटीपायी धंदा बुडाला, असं एकदा मनाशी म्हटलं असतं की माझी चूक सुटली असती. शटर वर केलं आणि तेही कारण हातातून गेलं. तुला फसवलं, शब्बाथ मोडला आणि तुलाही मोडायला लावला. मिळालं काय, तर उष्टे कप.

मंदी सरेल हे मला ठाऊक आहे. लोकांचे पगार सुरू होतील, निलेश टॉवेल सोडून पुन्हा खेळेल. पण तोवर हा माल जुना होईल. गेम लोणच्यासारखा मुरत नाही आत्या, पुढचा आला की मागच्याला कुणी विचारत नाही. तेवढा काळ थांबायची माझी ताकद संपली.

ताईला पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं आहे. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. इकडे तुझं माणूस म्हणून मीच उरलोय. तू राहा म्हणालीस तर मी राहीन, आणि पुढे कधी तोंड फुगवणार नाही. विचारल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
सायमन

---

रोहा
ता. २ नोव्हेंबर

चि. सायमन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. राहा, असं मी दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा सोनीला पत्र पेटीत टाकायला दिलं आणि दोन्ही वेळा तिला कोपऱ्यावरून परत बोलावलं. तिसऱ्यांदा तिनेच विचारलं, आत्याबाय, नक्की काय ते ठरलंय का? आज ठरलं आहे.

मला एकटीला भीती वाटते. हे तुझ्यापासून लपवणार नाही, कारण लपवलं तर तू ओळखशील आणि त्यापायीच थांबशील. रात्री दाराची कडी दोनदा तपासते. प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमायचे दिवस गेले, सिनेगॉगमध्ये मी एकटीच झाडू मारते. पण माझ्या भीतीने तुला त्या काउंटरमागे बसवून ठेवलं, तर तुझ्या तोंडावरचं ते हसू रोज मला बघावं लागेल. ते मला जमायचं नाही.

तुझं चुकलं असेल असं मी लिहिलं होतं, ते परत घेते. लोकांच्या घरात शिफ्ट उरली नाही, त्याला तू काय करणार? गोड बोलून कुणाच्या घरात पगार आणता येत नाही.

म्हणून जा. गाळ्याची अट मी काढून घेतली. भाड्याने दे नाहीतर विकून टाक. नवा माणूस शनिवारी उघडो की मंगळवारी, त्याचा वार त्याच्यापाशी. उरलेला माल पनवेलच्या व्यापाऱ्याला दे. एक मशीन मात्र त्या बाप्यांना ठेव, निलेशच्या घरी बसून खेळू देत. मन लागत नसेल तरी माणसं एकत्र बसतात, मी बघितलं आहे.

जायच्या आधी रोह्याला ये. एलियाहू हन्नबीचा, आपल्या संदेष्ट्याचा, मलिदा करू. पोहे मी भिजवीन, नारळ तू खव, आणि खवताना तोंडात टाकू नकोस. डेबोराला सांग, याला सायरन वाजला की आधी खाली धावायला शिकव, चपला शोधत बसेल हा.

तुला निरोप द्यायला मी मुंबईला विमानतळावर येणार आहे. सोनी सोबत येते म्हणाली आहे. विमान कुठल्याही दिवसाचं घे, शनिवारचं तेवढं घेऊ नकोस. तुझ्यासाठी मी तो एकदा मोडला. पुन्हा मोडणार नाही, आणि तुला बघितल्याशिवाय तुला जाऊही देणार नाही.

तुझी आत्या,
सिपोरा